एसएसडीवरील पुरावा: दोन हॅश व्हॅल्यू जुळल्या नाहीत, तर छेडछाड सिद्ध होते का?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. हाती असलेल्या एका प्रकरणामुळे पडलेला प्रश्न येथील तांत्रिक क्षेत्रातील सदस्यांपुढे मांडत आहे. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, प्रश्नाचा गाभा मात्र तोच आहे.

एका व्यापारी पेढीच्या हिशेबनिसावर असा आरोप आहे की त्याने कार्यालयाच्या लॅपटॉपवरील हिशेबाच्या फायली नष्ट केल्या. पंचनामा करून लॅपटॉप जप्त झाला. त्याच वेळी एका खाजगी तज्ज्ञाने त्यातील एसएसडीची (मेमरी चिपांवर मजकूर साठवणाऱ्या ड्राइव्हची) इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत, घेतली आणि तिची एसएचए-२५६ पद्धतीची हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, पंचनाम्यात नोंदवली गेली. पुढे तोच लॅपटॉप प्रयोगशाळेत गेला, तेथे पुन्हा इमेज घेण्यात आली आणि या वेळची हॅश व्हॅल्यू वेगळी आली. पुसलेल्या फायलींच्या मजकुराचा कोणताही अंश सापडला नाही, असेही अहवालात नमूद आहे. त्यावरून सरकार पक्षाचे म्हणणे असे की, आरोपीने खास सॉफ्टवेअर वापरून त्या हेतुपुरस्सर नाहीशा केल्या.

मी आरोपीच्या बाजूने उभी आहे. माझे प्रश्न दोन आहेत. हॅश व्हॅल्यू बदलली याचा अर्थ जप्तीनंतर मुद्देमालात कोणीतरी ढवळाढवळ केली, असा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या टिकेल का? आणि पुसलेला मजकूर अजिबात न मिळणे हा हेतुपुरस्सर नष्ट केल्याचा पुरावा मानता येतो का?

बिटबाइट

ताई, ड्राइव्हच्या आत काय चालते ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय दोन्ही उत्तरे अधांतरी राहतील.

फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली की तिची नोंद तेवढी जाते. मजकूर त्याच जागी पडून राहतो आणि तेथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत वाचता येतो. गेल्या कित्येक वर्षांची तपासाची सगळी पद्धत या एका गुणधर्मावर उभी आहे. एसएसडीतील नँड फ्लॅश या मेमरी चिपांमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. लिहिण्याचे एकक म्हणजे पान, जे हल्ली बहुधा १६ केबीचे असते. पुसण्याचे एकक म्हणजे ब्लॉक, ज्यात अशी शेकडो पाने असतात. त्यामुळे फाइल बदलली की ड्राइव्हमधला कंट्रोलर (तिचे कामकाज चालवणारी चिप) नवा मजकूर दुसऱ्याच पानावर लिहितो, कोणता पत्ता कोणत्या पानावर आहे याचा नकाशा बदलतो आणि जुने पान बाद ठरवतो. बाद पाने साठली की तो सवडीने त्या ब्लॉकमधली कामाची पाने इतरत्र हलवतो आणि अख्खा ब्लॉक पुसतो. यालाच गार्बेज कलेक्शन म्हणतात.

त्यात ट्रिम आज्ञेची भर पडते. फाइल पुसली गेली की ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हला कळवते की, अमुक पत्त्यांवरचा मजकूर आता नको आहे. विंडोजमध्ये ही सोय २००९ साली विंडोज ७ पासून आली, लिनक्समध्ये २०१० च्या २.६.३३ या कर्नेलपासून. तेव्हापासून साध्या वापरकर्त्याने साधी फाइल साध्या पद्धतीने पुसली आणि रिसायकल बिन रिकामा केला, तरी तिचा मजकूर काही क्षणांत वाचनापलीकडे जाऊ शकतो. त्यासाठी कोणतेही खास सॉफ्टवेअर लागत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. ट्रिम चालू असलेल्या एसएसडीवर पुसलेला मजकूर न मिळणे ही अपेक्षित स्थिती आहे आणि केवळ तेवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही.

डेटादुरुस्ती

बिटबाइट यांच्याशी सहमत आहे. माझा डेटा रिकव्हरीचा व्यवसाय आहे. हार्ड डिस्कवरची पुसलेली छायाचित्रे परत मिळवून देणे हे आमच्याकडे नित्याचे काम असते, पण तीच मागणी एसएसडीबाबत आली की आधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात: पुसल्यानंतर यंत्र किती वेळ चालू होते आणि ड्राइव्ह आत बसवलेली होती की यूएसबीच्या डबीत. अनेक जुन्या यूएसबी डब्यांमधून ट्रिम आज्ञा ड्राइव्हपर्यंत पोहोचतच नाही. अशा ड्राइव्हवरचे पुष्कळ काही मिळते. लॅपटॉपच्या आतील एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) ड्राइव्हवरचे क्वचितच.

लोकांना वाटते की मेमरी चिप काढून थेट वाचली की सगळे मिळेल. चिप काढणे हा यातला सोपा भाग आहे. कंट्रोलर लिहिताना मजकूर अनेक चिपांवर विभागतो, ठरावीक सूत्राने मिसळतो, त्याला चूक-दुरुस्तीचे संकेत जोडतो आणि बऱ्याच ड्राइव्हमध्ये कूटबद्धही (एन्क्रिप्टही) करतो. प्रत्येक कंट्रोलरची रीत वेगळी असते आणि ती कोणी प्रसिद्ध करत नाही. कूटबद्धतेची किल्ली कंट्रोलरमध्ये असेल, तर चिपांवरून वाचलेले सारे निरर्थक आकडे ठरतात. ॲपलच्या टी२ चिपच्या आणि त्यानंतरच्या एम मालिकेच्या यंत्रांमध्ये तर किल्ली टी२ किंवा एम चिपच्या सुरक्षित भागाशी बांधलेली असते, त्यामुळे तेथे चिप काढण्याचा मार्गच बंद आहे.

शब्दवेधी

मला यात एक धोका दिसतो. ‘एसएसडी असेच वागते’ हे उत्तर एकदा मान्य केले की निष्काळजी तपासाला आयतीच ढाल मिळते. उद्या कोणीही मुद्देमालाचा लॅपटॉप चालू करून पाहील, हॅश बदलेल आणि साक्षीत सांगेल की ड्राइव्हने आपणहून बदल केला. मग हॅश घेण्याला अर्थ काय उरला?

आणि ताई, आपल्या दोन युक्तिवादांतही ओढाताण आहे. मजकूर ड्राइव्हनेच नाहीसा केला असेल, असे दुसऱ्या प्रश्नाबाबत म्हणायचे असेल, तर हॅश बदलली ती माणसाच्या ढवळाढवळीनेच, असे पहिल्या प्रश्नाबाबत ठामपणे कसे म्हणता येईल? सरकारी वकील हेच बोट ठेवतील.

नीलगिरी_छाया

शब्दवेधी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो नवाही नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मर्डोक विद्यापीठात ग्रॅम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातील प्रत्येकाने वाचायला हवा. त्यांनी कोर्सेअर कंपनीची ६४ जीबीची एसएसडी मजकुराने भरली, विंडोज एक्सपीमधून तिचे झटपट फॉरमॅट केले आणि मग नुसते पाहत राहिले. हार्ड डिस्कवर अशा फॉरमॅटनंतर जवळजवळ सर्व मजकूर शाबूत राहतो. या एसएसडीवरचा जवळजवळ सर्व मजकूर काही मिनिटांत नाहीसा झाला. एक्सपीमध्ये ट्रिमची सोय नाही, म्हणजे बाहेरून कोणतीही आज्ञा गेलेली नव्हती. ड्राइव्हचे फर्मवेअरच (तिच्या आत बसवलेले सॉफ्टवेअर) फाइल सिस्टिमकडे पाहून कोणती जागा मोकळी आहे हे ठरवत असावे, असा त्यांचा कयास होता. संगणक आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये राईट ब्लॉकर जोडूनही पुसले जाणे थांबले नाही. राईट ब्लॉकर तारेवरून जाणाऱ्या लिहिण्याच्या आज्ञा अडवतो; ड्राइव्हच्या पोटातला कंट्रोलर वीज मिळताच आपले काम सुरू करतो, त्याला अडवणारे कोणी नसते.

याच्या उलट बाजूचे संशोधनही आहे आणि ते तितकेच बोलके आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील गटाने २०११ मध्ये एसएसडीवरील मजकूर खात्रीने पुसता येतो का, हे तपासले. एकेक फाइल पुन्हा पुन्हा लिहून पुसण्याच्या ज्या रूढ पद्धती आहेत, त्या वापरल्यानंतर चिपा थेट वाचल्या, तेव्हा सॅटा (जुन्या जोडणीच्या) एसएसडींवर फायलींचा ४ ते ७५ टक्के मजकूर शिल्लक आढळला. संपूर्ण ड्राइव्ह पुसण्याची आज्ञा यशस्वी झाल्याचे एका ड्राइव्हने कळवले आणि प्रत्यक्षात सर्व मजकूर तसाच होता.

म्हणजे ज्याला पुरावा हवा आहे त्याला तो मिळत नाही आणि ज्याला पुसायचा आहे त्याला पुसल्याची खात्री नाही. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात: बाहेरून दिसणारा पत्ता आणि आतली खरी जागा यांचा संबंध केवळ कंट्रोलरला ठाऊक असतो.

रात्रपाळी

मी फ्लॅश स्टोरेजच्या फर्मवेअरची चाचणी करण्याचे काम करतो. वरील चर्चेत एक महत्त्वाची गोष्ट निसटते आहे आणि ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे.

गार्बेज कलेक्शनमुळे आतली पाने हलली, तरी बाहेरून तोच पत्ता वाचल्यावर तोच मजकूर मिळतो. इमेज घेणारे सॉफ्टवेअर बाहेरचे पत्तेच वाचते. त्यामुळे पाने हलल्याने हॅश बदलत नाही. ती बदलेल कशामुळे? ट्रिम झालेल्या पत्त्यांवर ड्राइव्ह काय उत्तर देते, यामुळे. सॅटा मानकात याचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारच्या ड्राइव्ह ट्रिम झालेल्या पत्त्यावर कधी जुना मजकूर देतील, कधी शून्ये, आणि दोन वाचनांत वेगळे उत्तर येऊ शकते. दुसऱ्या प्रकारच्या ड्राइव्ह ट्रिमनंतर जे उत्तर देतात तेच पुढे कायम ठेवतात. तिसऱ्या प्रकारच्या ड्राइव्ह ट्रिमनंतर नेहमी शून्येच देतात. मग आत मजकूर भौतिक स्वरूपात शिल्लक असो वा नसो.

पहिल्या प्रकारची ड्राइव्ह असेल, तर कोणीही हात न लावता दोन हॅश वेगळ्या येणे शक्य आहे. तिसऱ्या प्रकारची असेल, तर नुसत्या गार्बेज कलेक्शनने हॅश बदलण्याचे कारण नाही, आणि मग ‘एसएसडी असेच वागते’ हे स्पष्टीकरण पुरणार नाही. बदलाचे दुसरे कारण शोधावेच लागेल. सॅटा ड्राइव्हचा प्रकार लिनक्समधील एचडीपार्म या साधनाने एका आज्ञेत कळतो. एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये हीच माहिती तिच्या ओळख-नोंदीतील डीएलफीट या रकान्यात असते.

तेव्हा शब्दवेधी, ढाल सर्वांना सारखी मिळत नाही. ड्राइव्हचे मॉडेल आणि फर्मवेअर यांवरून ठरते.

शब्दवेधी

रात्रपाळी, हे स्पष्टीकरण फार उपयोगाचे आहे. माझी शंका बऱ्याच अंशी फिटली. मात्र अशी नोंद अहवालात कोणी करते का, हा प्रश्न उरतो.

निवृत्त_फौजदार

मी पोलीस खात्यात असताना अनेक जप्ती पंचनामे केले आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो.

संगणक चालू स्थितीत सापडला तर वीज थेट तोडावी, असे आम्हाला शिकवले जात असे. बंद करताना विंडोज पुष्कळ फायलींना हात लावते, म्हणून ती शिकवण हार्ड डिस्कच्या काळात रास्त होती. एसएसडीबाबतही वीज तोडली की कंट्रोलरचे काम थांबते, म्हणजे नुकत्याच पुसलेल्या मजकुराच्या दृष्टीने तेच हिताचे आहे. परंतु बिटलॉकर (विंडोजची ड्राइव्ह कूटबद्ध करण्याची सोय) चालू असेल, तर वीज तोडल्याबरोबर रॅममधली किल्ली जाते आणि मग जे पुसलेले नव्हते तेही हाती लागत नाही. घटनास्थळी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला हा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो आणि त्याच्या शेजारी तज्ज्ञ असेलच असे नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे, आणि कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करायचे आहे. दुसरी तरतूद या प्रश्नात फार मोलाची ठरू शकते. ताईंनी ते चित्रीकरण मागवावे. लॅपटॉप उघडा होता की मिटलेला, पडद्यावर काय होते, तो कधी आणि कसा बंद केला, हे सारे त्यात दिसेल. पंचनाम्यात बहुधा ‘एक काळ्या रंगाचा लॅपटॉप, चार्जरसह’ एवढेच असते.

बिटबाइट

फौजदार साहेब, बिटलॉकरबाबत आपले म्हणणे योग्य आहे आणि हा प्रश्न वाढतच जाणार आहे, कारण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या स्थापनेत बहुसंख्य यंत्रांवर कूटबद्धता आपोआप चालू होते. पण लॅपटॉप चालू ठेवून हळूहळू पाहत बसणे हाही उपाय नाही. विंडोज ठरावीक काळाने, मूळ रचनेनुसार आठवड्यातून एकदा, मोकळ्या जागेसाठी ट्रिम आज्ञा नव्याने पाठवते. जप्त केलेला लॅपटॉप ‘चालतो का ते पाहू’ म्हणून सुरू केला आणि नेमके तेच काम प्रलंबित असेल, तर पाहणाऱ्याच्या हातूनच उरलासुरला मजकूर जाईल.

चालू यंत्र सापडल्यास आधी रॅमची प्रत घ्यावी, कूटबद्धता आहे का ते तपासावे, असल्यास चालू स्थितीतच आवश्यक फायलींची प्रत घ्यावी आणि मग वीज तोडावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

निवृत्त_फौजदार

क्रम योग्य आहे, पण तो पार पाडण्याइतके प्रशिक्षण तालुक्याच्या पोलीस ठाण्यात असायला हवे. माझी कळकळ तेवढीच आहे. जे हवालदार मुद्देमाल हाताळतात, त्यांना राईट ब्लॉकर म्हणजे काय हे कोणी कधी दाखवलेले नसते.

डेटादुरुस्ती

कूटबद्धतेचा विषय निघालाच आहे, तर एक भर घालतो. ड्राइव्ह स्वतः कूटबद्ध करते म्हणजे ती अभेद्य आहे, असे समजू नये. नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही लोकप्रिय एसएसडींमधील त्रुटी उघड केल्या. काहींमध्ये वापरकर्त्याचा पासवर्ड आणि कूटबद्धतेची किल्ली यांचा एकमेकांशी खरा संबंधच जोडलेला नव्हता, त्यामुळे फर्मवेअर बदलून पासवर्डशिवाय मजकूर मिळत होता. त्या काळी बिटलॉकर अशा ड्राइव्हच्या स्वतःच्या कूटबद्धतेवर विसंबून राहत असे. पुढे मायक्रोसॉफ्टने मूळ रचना बदलून सॉफ्टवेअरची कूटबद्धता वापरायला सुरुवात केली. जुन्या ड्राइव्हच्या तपासात हा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे.

तसेच काही ड्राइव्ह कारखान्यातील चाचणीच्या अवस्थेत नेता येतात. त्या अवस्थेत गार्बेज कलेक्शन चालत नाही आणि ट्रिम झालेली, पण प्रत्यक्षात अजून न पुसलेली पाने वाचता येतात. रात्रपाळी यांनी सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारात बाहेरून शून्ये दिसत असली, तरी आत काही मिळण्याची शक्यता याच मार्गाने असते.

नीलगिरी_छाया

त्या मार्गाबाबत मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. कारखाना-अवस्थेत नेण्यासाठी अनेकदा ड्राइव्हच्या पाटीवरील दोन बिंदू जोडावे लागतात आणि तिच्या रॅममध्ये परके फर्मवेअर भरावे लागते. अशा रीतीने मिळालेला मजकूर दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा तसाच मिळेल याची हमी नसते. हरवलेली छायाचित्रे मिळवायची असतील तर हरकत नाही, पण न्यायालयात प्रत्येक पायरीचे चित्रीकरण आणि कारण सांगता आले पाहिजे.

डेटादुरुस्ती

मान्य. म्हणूनच आधी सर्वसाधारण इमेज घ्यावी, तिची हॅश नोंदवावी आणि मगच हा शेवटचा मार्ग धरावा.

वऱ्हाडवासी

मुद्देमाल कोठे ठेवला जातो, याकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही. फ्लॅशमधला मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज नसताना तो भार हळूहळू झिरपतो. तापमान जास्त असेल तर लवकर झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, सामान्य वापराची एसएसडी तिची लेखनमर्यादा पूर्ण संपल्यानंतर, विजेशिवाय ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर टिकवू शकली पाहिजे. सर्व्हरच्या ड्राइव्हसाठी ही अट ४० अंशांना तीन महिने एवढीच आहे.

अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची मुद्देमाल खोली किती तापते, हे वेगळे सांगायला नको. आणि खटला उभा राहीपर्यंत किती उन्हाळे जातात, हे वकील मंडळी जाणतातच.

रात्रपाळी

वऱ्हाडवासी यांची चिंता रास्त आहे, पण हे आकडे झिजून मर्यादेला पोहोचलेल्या ड्राइव्हचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. कार्यालयीन लॅपटॉपमधली दोन-तीन वर्षे वापरलेली ड्राइव्ह त्या मर्यादेच्या जवळपासही नसते आणि ती पुष्कळ अधिक काळ टिकते. तरीही मूळ ड्राइव्ह सील करून कपाटात ठेवली म्हणजे पुरावा सुरक्षित झाला, हा समज एसएसडीबाबत सोडायला हवा. जप्तीनंतर शक्य तितक्या लवकर पूर्ण इमेज घेऊन तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवणे, आणि पुढचा सगळा अभ्यास त्या प्रतींवर करणे, हेच बरे.

मालविका_वि

मी दिवाणी बाजूची वकील आहे, कायद्यापुरते लिहिते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागणाऱ्या जुन्या कलम ६५ब ची जागा त्यातील कलम ६३ ने घेतली आहे. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू व ती कोणत्या पद्धतीने काढली हे लिहायचे आहे. प्रमाणपत्राची गरज सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या निकालात पक्की केली होती. तो वाद आपल्याच जालना मतदारसंघाच्या निवडणुकीचा होता आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण.

माझा मुद्दा असा की, प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आहे, पण हॅश कशाची, हे तितकेच महत्त्वाचे आहे. संपूर्ण ड्राइव्हची एकच हॅश घेतली, तर मोकळ्या जागेतला एक बिट बदलला तरी ती पूर्ण बदलते आणि नेमके काय बदलले हे त्यातून कळत नाही. फिर्यादी ज्या फायलींवर विसंबून आहे त्यांची प्रत्येकाची स्वतंत्र हॅश दोन्ही इमेजमधून काढली आणि ती जुळली, तर त्या फायलींपुरता पुरावा शाबूत आहे, असे न्यायालयाला सांगता येईल.

बिटबाइट

मालविका यांचा मुद्दा अगदी नेमका आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोन्ही इमेजची पत्त्यानुसार तुलना करणे. फरक फक्त मोकळ्या जागेत असेल आणि तेथे पहिल्या इमेजमध्ये मजकूर व दुसऱ्या इमेजमध्ये शून्ये असतील, तर ते ड्राइव्हच्या अंतर्गत कामाशी सुसंगत आहे. फरक विंडोजच्या नोंदणी (रजिस्ट्री) फायली, लॉग किंवा वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये असेल, तर मधल्या काळात यंत्र चालू झाले होते. पहिली इमेज शाबूत असल्याने ही तुलना आजही करता येईल, आणि ताई, आपल्या प्रकरणात मी तीच सर्वांत आधी मागितली असती.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. शब्दवेधी यांनी दाखवलेली ओढाताण मला मान्य आहे आणि आज संध्याकाळी दोन्ही अहवाल त्या नजरेने पुन्हा वाचले. पहिल्या अहवालात ड्राइव्हचे मॉडेल, अनुक्रमांक आणि हॅश आहे, पण फर्मवेअरची आवृत्ती नाही. ट्रिम चालू होते का, याचा उल्लेख दोन्हींत नाही. फायलींच्या स्वतंत्र हॅश दुसऱ्या अहवालात आहेत, पहिल्यात नाहीत. ड्राइव्ह एनव्हीएमई प्रकारची आहे. जप्ती आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांच्यात बराच काळ गेला आहे आणि त्या काळात लॅपटॉप कोणाच्या ताब्यात होता, याच्या नोंदीत एक पोकळी आहे. त्या पोकळीत यंत्र चालू केले गेले का, हे ड्राइव्हवरून कळू शकते का?

रात्रपाळी

कळू शकते. प्रत्येक एनव्हीएमई ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिच्यात एकूण किती तास वीज मिळाली, किती वेळा चालू झाली, किती वेळा वीज अचानक तुटली आणि संगणकाने एकूण किती लिहिले, हे आकडे असतात. लेखनाचा आकडा ५,१२,००० बाइटांच्या एककांत मोजला जातो. कंट्रोलरने गार्बेज कलेक्शन करताना आतल्या आत केलेली हलवाहलव या आकड्यात धरली जात नाही. यजमान संगणकाने पाठवलेले लेखनच त्यात येते.

आता दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवा. चालू होण्याची संख्या एक-दोनने वाढली आणि लेखनाचा आकडा तोच राहिला, तर ड्राइव्हला तपासणीपुरती वीज मिळाली एवढाच अर्थ. लेखनाचा आकडा वाढला असेल, तर जप्तीनंतर कोणत्या तरी संगणकाने त्या ड्राइव्हवर लिहिले, आणि त्याचे उत्तर तपास यंत्रणेला द्यावेच लागेल. एकक मोठे असल्याने अगदी लहान लेखन त्यात लपू शकते, पण विंडोज एकदा पूर्ण सुरू झाली तरी आकडा सरकल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या तज्ज्ञाने ही नोंद अहवालात छापली नसेल, तरी त्याच्या मूळ कार्यनोंदींमध्ये ती असण्याची शक्यता आहे. त्या मागवा.

शब्दवेधी

हा मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो. यात ‘छेडछाड झाली’ किंवा ‘ड्राइव्ह असेच वागते’ असे काही गृहीत धरावे लागत नाही, आकडा ज्या बाजूने जाईल त्या बाजूने जाईल. मात्र ताई, तो आपल्या अशिलाच्या विरुद्ध गेला, म्हणजे लेखन झालेच नाही असे निघाले, तर पहिला युक्तिवाद सोडावा लागेल.

कृष्णाकाठची

होय, आणि तसे झाल्यास तो सोडेन. दुसरा प्रश्न माझ्या अशिलासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

अन्वीक्षा

मी न्यायवैद्यक संगणकशास्त्र शिकवते, म्हणून त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. मजकूर गेला म्हणजे सर्व खुणा गेल्या, असे नसते. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलची नोंद मुख्य फाइल-कोष्टकात असते. फाइल पुसल्यावर त्या नोंदीचा पुनर्वापर होईपर्यंत नाव, आकार आणि वेळा शिल्लक राहतात, कारण कोष्टक स्वतः वापरात असल्याने ट्रिम त्याला लागू होत नाही. सुमारे ७०० बाइटांपर्यंतच्या फायलींचा तर मजकूरही त्या नोंदीतच असतो.

हेतुपुरस्सर पुसण्याचेही वेगळे ठसे असतात. एसडिलीट हे मायक्रोसॉफ्टचे साधन फाइल पुसण्यापूर्वी तिचे नाव ए पासून झेडपर्यंतच्या अक्षरांनी २६ वेळा बदलते आणि हे बदल यूएसएन जर्नल या नोंदवहीत ओळीने दिसतात. इतर साधनांच्याही अशाच सवयी आहेत. शिवाय ते साधन चालवल्याची खूण प्रीफेच फोल्डरमध्ये (तेथे चालवलेल्या प्रोग्रामांच्या नोंदी असतात) आणि नोंदणीत सापडू शकते. प्रयोगशाळेच्या अहवालात असा एकही ठसा दाखवलेला नसेल, तर ‘खास सॉफ्टवेअर’ हा शब्द कशाच्या आधारे आला, हे उलटतपासणीत विचारायलाच हवे. असे ठसे असतील, तर मात्र ट्रिमचा बचाव फार दूर नेणार नाही.

आणि रात्रपाळी यांनी सांगितलेले जुने आकडे मिळाले नाहीत, तर विंडोजचा सिस्टिम लॉग पाहा. विंडोज पूर्णपणे नव्याने सुरू झाली की त्यात कर्नेल-जनरल या स्रोताची १२ क्रमांकाची आणि लॉग सेवा सुरू झाल्याची ६००५ क्रमांकाची नोंद पडते. दुसऱ्या इमेजमध्ये जप्तीच्या वेळेनंतरची अशी नोंद असेल, तर त्या दिवशी लॅपटॉप कोणाच्या सहीने बाहेर काढला होता, हे मुद्देमाल नोंदवहीत तारखेनिशी शोधता येईल. वेळा बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, त्यात साडेपाच तास मिळवून वाचा.